चारही चाकांना जोर कशाला हवा, बाय?

गाडी घ्यायची ठरली, पैसे जुळले, रंगसुद्धा ठरला. आता अडलंय ते एकाच गोष्टीवर: मागच्या चाकांना जोर असलेली घ्यायची की चारही चाकांना? तुझे सासरे म्हणतात फोर बाय फोर, दीर म्हणतो फोर बाय फोर, शोरूममधला मुलगा म्हणतो, ‘मॅडम, एवढी मोठी गाडी घेताय तर पूर्णच घ्या.’ आणि चालवणार आहेस तू. सकाळी पोरांना शाळेत सोडायला तू, सासूबाईंना पनवेलला डॉक्टरांकडे न्यायला तू, शिवडीला माहेरी यायलाही तूच. म्हणून वाटलं, तुझ्याशी एकदा नीट बोलावं.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. तुझ्या आळीत उभ्या असलेल्या स्विफ्ट, नेक्सॉन, क्रेटा या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. लोकांची आयुष्यं त्याच गाड्यांत गेली, पावसाळेही त्यांतच निघाले. तुझ्यापुढे हा प्रश्न आला, कारण तुझं मन थार, थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन या तिघींत अडकलंय. या गाड्या मुळात मागच्या चाकांच्या. जास्तीचे पैसे मोजले की त्यांच्या पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. म्हणजे तुला विचारायचंय ते एवढंच, की त्या जास्तीच्या पैशात उरणमध्ये नेमकं काय पदरात पडतं.

मागच्या चाकांची गाडी ऐकून घाबरू नकोस. आपल्या भागात तीच जुनी. अँबॅसडर, पद्मिनी, ओम्नी, बोलेरो, लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने आणतात ती इनोव्हा क्रिस्टा, स्टँडवरची मिनीडोर, भाजीवाल्याची इको, सगळ्यांना मागूनच जोर. इंजिन पुढे, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून एक लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपर्यंत जातो आणि मागची चाकं गाडी ढकलतात. पुढची चाकं फक्त वळवायचं काम करतात, म्हणून स्टिअरिंग हातात मोकळं लागतं. करळ फाट्यावर उभी राहून बंदरात जाणारे ट्रेलर बघ. कंटेनरचं वजन ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांवर येतं, आणि जोरही त्याच चाकांना दिलेला असतो. जिथे वजन दाबतं तिथे टायर रस्ता धरतो. घरची माणसं आणि गणपतीचं सामान भरून तू घाट चढशील, तेव्हा गाडीचं वजन मागे जाईल आणि तुझी मागची चाकं जास्तच घट्ट धरतील.

उलट बाजूही सांगते. गाडी रिकामी असेल, रस्ता ओला असेल आणि वळणावर तू अॅक्सिलरेटर दाबलास, तर मागचा भाग बाहेर सरकतो. पुढच्या चाकांच्या गाडीत अशा वेळी गाडी वळायचं सोडून सरळ पुढे जाऊ पाहते. मागच्या चाकांच्या गाडीत शेपटी फिरते. हल्लीच्या गाड्यांत ईएससी असतं. शेपटी सरकायला लागली की ते नेमक्या चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतं. पण तुलाही माहीत हवं: पाय हळू काढायचा, ब्रेक जोरात दाबायचा नाही, आणि मागचा भाग ज्या बाजूला सरकतोय त्याच बाजूला स्टिअरिंग अलगद द्यायचं. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात तर फारच सांभाळून. उन्हाळाभर ट्रेलरमधून गळलेलं ऑइल, बांधकामाची माती आणि पहिला पाऊस एकत्र आला की गव्हाण फाट्यापासून बोकडवीऱ्यापर्यंतचा रस्ता साबण लावल्यासारखा होतो.

आता तू म्हणशील, मग तिथेच तर चारही चाकांना जोर हवा ना? अगं, इथेच बहुतेक जणांची समजूत चुकते, आणि या एका समजुतीपायी माणसं जिवावर उदार होतात. चारही चाकांना जोर असणं म्हणजे गाडी जागेवरून निघायला मदत होणं. थांबायला त्याचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, मारुती ८००लाही होते. उलट फोर बाय फोरच्या पोटाखाली जास्त लोखंड असतं, ती जड असते, त्यामुळे थांबवायला तिचं वजनही जास्त. आणि खरा धोका असा, की दोन चाकांची गाडी सुटताना जरा घसरली तर रस्ता निसरडा आहे हे तुला तिथेच कळतं. चार चाकांची गाडी न घसरता वेग घेते, आणि रस्ता किती वाईट आहे ते समोर ट्रेलरचे लाल दिवे लागल्यावर, ब्रेक दाबल्यावर कळतं.

शोरूममधला मुलगा ‘फोर व्हील’ आणि ‘ऑल व्हील’ एकच असल्यासारखं बोलतो. तसं नाही. थार, रॉक्स, स्कॉर्पिओ-एन यांच्यात आहे ती गरजेपुरती चालू करायची पद्धत. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवरच चालते. चिखल आला की तू फोर हाय लावतेस, फारच अवघड चढ किंवा दलदल असेल तर फोर लो. एकदा ते लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर थोडा घसरून तो फरक भरून काढतो; कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर घसरायला जागाच नसते, मग सगळा ताण गिअरवर आणि टायरवर येतो. म्हणजे ज्या रस्त्यांवर तुझं आयुष्य जाणार आहे, तिथे हे फोर बाय फोर बंदच ठेवावं लागतं. ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपसारखी किंवा एक्सयूव्ही ७००च्या ऑल व्हीलसारखी पद्धत वेगळी. तिथे पुढचं चाक घसरलं की गाडी आपणहून मागे जोर पाठवते, डांबरावरही चालते, तुला काही लावावं लागत नाही. पण तिच्यात फोर लो नसतो, खोल चिखलात तिच्या भरवशावर उतरू नये. पावसात लांबचे हायवे करणाऱ्या बाईला मी हीच सुचवीन. पण तुझ्या यादीत ती नाही, आणि नुसतं ‘ऑल व्हील’ हे नाव ऐकून यादी बदलू नकोस.

मग मला सांग, तू जाणार कुठे आहेस? कोटनाका, चारफाटा, बोकडवीरा, फुंडे, जासई, चिर्ले. तिथून अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ला त्याचं उद्घाटन झालं आणि आपलं मुंबईशी नातंच बदललं. मोऱ्याहून लाँच धरून भाऊच्या धक्क्याला उतरणाऱ्या आपल्या आयांना हे सांगून खरं वाटलं नसतं. २१.८ किलोमीटरचा तो पूल, त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा. भर पावसात समुद्रावरचा वारा आडवा लागतो तेव्हा उंच गाडीत तो चांगलाच जाणवतो. तिथे तुला उपयोगी पडतात टायर आणि तुझा वेग. पुढच्या चाकांना जोर आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. टायरच्या खाचा झिजलेल्या असतील तर पाणी बाजूला सरत नाही, टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. चारही चाकं तरंगली तर चारही चाकांना जोर असून काय करणार? कायद्याने खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाहीत. आपल्या पावसाला तेवढ्यावर थांबू नये, त्याच्या बरंच आधी टायर बदलावेत. आणि नवा टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाच. २३२५ लिहिलं असेल तर तो २०२५च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर नवा म्हणून गळ्यात बांधून घेऊ नकोस. चारही चाकांच्या गाडीत हा खर्च वाढतो, कारण चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले लागतात. एक फाटला म्हणून एकच नवा, असं तिथे फारसं चालत नाही.

तुझे सासरे म्हणाले पाण्याचं. बरोबर आहे त्यांचं. उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एका वेळेला आला की खाडीकाठचे रस्ते पाण्याखाली जातात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. पण पाण्यातून गाडी निघते ती उंचीमुळे. इंजिन हवा कुठून घेतं, ती नळी किती वर आहे, यावर सगळं ठरतं. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याचा आकडा देते. त्या नळीतून पाणी आत गेलं की दोन चाकं काय आणि चार काय, इंजिन जागच्या जागी बसतं, आणि साध्या विम्यात त्याचे पैसे मिळतीलच असं नाही. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम असतं, ते घे. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेव. आणि खाडीच्या पाण्यातून जाऊन आलीस तर मेकॅनिककडून डिफरन्शियलचं ऑइल तपासून घे. त्यात पाणी शिरलं असेल तर ऑइल दुधाळ दिसतं. मागच्या चाकांच्या गाडीत तपासायला एक डिफरन्शियल. फोर बाय फोरमध्ये पुढे एक, मागे एक आणि मध्ये ट्रान्सफर केस.

खारा वारा तर आपल्याला रोजचाच. केगाव, नागाव, मोरा, करंजा, कुठेही बघ, खिडकीच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो. गाडीच्या पोटाखालच्या लोखंडाला कोण रंग देणार? फोर बाय फोरमध्ये पोटाखाली एक जास्तीचा शाफ्ट, जास्तीचे जॉइंट, जास्तीचे रबरी बूट, आणि वर्षातले अकरा महिने ते न वापरता नुसते गंजत राहणार. कुठलीही गाडी घे, पहिल्याच महिन्यात खालून गंजरोधक कोटिंग करून घे आणि पावसाळ्यात दर आठवड्याला गोड्या पाण्याने पोट धुऊन घे. धुण्याच्या सेंटरवर लोक बॉनेट चमकवून घेतात आणि पोटाकडे बघतही नाहीत. तू खाली वाकून बघ.

आणि वाळूचं नावच काढू नकोस. दिराने मोबाइलवर कुठल्यातरी वाळवंटातले व्हिडिओ पाहिलेत आणि पिरवाडीच्या किनाऱ्यावर गाडी उतरवायचं त्याच्या मनात आहे, हे मला कळलंय. रायगडच्या किनाऱ्यावर अशा कितीतरी गाड्या रुतल्या, भरती आली, आणि शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढल्या. त्यांत फोर बाय फोरही होत्या. ओली वाळू वरून घट्ट दिसते आणि खाली भुसभुशीत असते. शिवाय तिथे पोरं खेळतात, कोळणी मासळी वाळवतात. समुद्रकिनारा गाडीसाठी नाही, ही गोष्ट त्याला तूच सांग. तुझं तो ऐकतो.

आता पैशाचं बोलते, कारण हा पैसा कुठून आला ते तुला माहीत आहे. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचा आहे तो. त्या साडेबारा टक्क्यांसाठी माणसं रस्त्यावर उतरली, १९८४च्या जानेवारीत जासईच्या भागात गोळीबारात पाच जण गेले. भातशेती आणि मिठागरं गेली, त्या बदल्यात आलेला हा पैसा. गाडी जरूर घे, हौसेने घे, तुमचा हक्कच आहे. पण गेटबाहेर उभी राहिल्यावर मागे ‘4x4’ लिहिलेलं दिसावं एवढ्यासाठी त्यातला एक रुपयाही जास्तीचा जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. या फरकात दीड-दोन लाख सहज जातात, आणि लहान थारमध्ये तर कराचाही फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. तीन दारांची थार चार मीटरच्या आत बसते. तिची मागच्या चाकांची, दीड लिटर डिझेलची गाडी १८ टक्क्यांत येते. फोर बाय फोर मोठ्या इंजिनात मिळते, म्हणून ती ४० टक्क्यांत. रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन लांबीनेच मोठ्या, त्यांना दोन्हीकडे ४० टक्के.

याहून महत्त्वाचं एक आहे, जे शोरूममध्ये तुला कुणी सांगितलं नसेल. रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन, दोन्हींत फोर बाय फोर डिझेलमध्येच मिळते. म्हणजे चार चाकं निवडलीस की इंजिनही आपोआप निवडलं गेलं. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर एकसारखी तापून चालावी लागते. तुझा रोजचा फेरा केगाव ते शाळा, शाळा ते बाजार, बाजार ते घर. गाडी तापेपर्यंत घर येतं. असा फेरा रोज राहिला की काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू होतात. तुझ्यासारख्या वापराला पेट्रोल सरस, आणि पेट्रोलची रॉक्स मागच्या चाकांवरच मिळते. इथे तुझा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो.

मग फोर बाय फोर कुणी घ्यावी? घ्यावी ना, जिला खरी गरज आहे तिने घ्यावी. चिरनेरच्या पलीकडे डोंगराच्या कडेला जिची वाडी आहे, जुलैत लाल चिखलातून जिथे रोज जावं लागतं, तिने घ्यावी. डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर आरोग्याच्या कामाला जाणाऱ्या माणसांनी घ्यावी. शेतावर ट्रॉली ओढायची असेल, चढावर बोअरची मशीन न्यायची असेल, तर तिच्याशिवाय भागत नाही. दुसऱ्या महायुद्धात विलीज जीप चिखलातून सैनिक आणि सामान नेण्यासाठी बनली, स्वातंत्र्यानंतर महिंद्राने ती मुंबईत जोडायला घेतली, त्याच घराण्यातली ही आजची थार नाशिकला बनते. कामाचं यंत्र आहे ते, आणि मला त्याबद्दल फार आदर आहे. तुझ्या घरी तसं काम असतं तर मीच तुला सांगितलं असतं, मागेपुढे पाहू नकोस.

वर्षातून दोनदा शेतावर जायचं आहे म्हणतेस, त्याला मधला मार्ग आहे. चिखलात दोन चाकांची गाडी अडकते ती बहुधा एका चाकामुळे. एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं नुसतं उभं राहतं, कारण साधं डिफरन्शियल जोर सोप्या वाटेने, फिरणाऱ्या चाकाकडेच पाठवतं. लॉकिंग डिफरन्शियल असेल तर ते दोन्ही मागच्या चाकांना एकत्र फिरवतं. बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये ते येतं. तुझ्या पसंतीच्या मॉडेलमध्ये लॉकिंग डिफरन्शियल आहे का, की ब्रेक लावून घसरणारं चाक आवरणारी नुसती इलेक्ट्रॉनिक सोय आहे, हे लेखी विचार. शिवाय डिकीत दोन रिकामी पोती आणि एक छोटं फावडं ठेव. चाक रुतलं तर रेस करत बसू नकोस, चाक आणखी खाली जातं. चाकापुढची माती काढायची, पोतं सारायचं, दुसऱ्या गिअरवर अलगद उचलायची.

तुझ्या मुलीने विचारलं ना, इलेक्ट्रिक का नको? शहाणी आहे पोर. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन्ही मागच्या चाकांच्या आहेत. मोटर मागे बसवली, मधला लांब शाफ्टच गेला. टाटाची हॅरियर ईव्ही मागच्या चाकांवरही मिळते आणि दोन मोटर लावून चारही चाकांवरही. ऑगस्ट २०२५पासून इलेक्ट्रिक मोटारींना अटल सेतूवर टोल नाही, आणि माहेरी येणं तुझं काही थांबणार नाही. घरी चार्जरची सोय, आणि गाडी सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी उभी करायची सोय होत असेल तर हा विचार मनावर घेच. तिथेही माझं म्हणणं हेच: मागची मोटर पुरे.

माझं मत विचारशील तर पेट्रोलची रॉक्स घे, मागच्या चाकांची. पाच दारं आहेत, सासूबाईंना मागे चढायला पुढची सीट वाकवावी लागणार नाही. तीन दारांच्या थारमध्ये त्यांचे गुडघे दुखतील आणि त्या गाडीत बसणंच सोडतील. त्यांना एकदा शोरूममध्ये नेऊन चढायला-उतरायला लाव, पायरी उंच वाटली तर तिथेच साइड स्टेप बसवून घे. वाचलेल्या पैशांतून कोटिंग, इंजिन प्रोटेक्शन आणि वेळेवर टायर एवढं होऊनही बरंच उरेल. ते मुलीच्या नावाने टाक.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नकोस. पाऊस पडत असताना गाडी मागव, करळ फाट्याच्या रहदारीतून घाल, घरच्या गल्लीत वळवून बघ. आणि दीर कितीही म्हणाला तरी चालवायला तूच बस.